शेअर्ड फोल्डरमध्ये नोटपॅड सेव्ह होतं, एक्सेल नाही. एका पीसीवरून तर काहीच नाही

बर्डी_लेखा

नमस्कार. सीताबर्डीला सीएचं ऑफिस, एकूण ९ पीसी. वेगळा सर्व्हर नाही. विंडोज ११ प्रोचा एक पीसी कायम चालू असतो, त्याच्या डी ड्राइव्हवरचा 'काम' हा फोल्डर सगळ्यांना शेअर केलाय. डोमेन (सगळ्यांची लॉगिन एकाच ठिकाणी सांभाळणारी व्यवस्था) नाही, वर्कग्रुप आहे. त्या पीसीवर प्रत्येकाच्या नावाचं लोकल अकाउंट आहे, पासवर्डसकट, आणि सगळे 'स्टाफ' नावाच्या लोकल ग्रुपमध्ये टाकलेत.

अडचणी तीन आहेत, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध आहे का तेच कळून नाही राहिलं.

एक, एक्सेलची फाइल उघडते, बदल करता येतात, पण सेव्ह दाबलं की अ‍ॅक्सेस नाही म्हणून मेसेज. त्याच फोल्डरमधली नोटपॅडची फाइल मात्र बिनबोभाट सेव्ह होते.

दोन, ६ नंबरच्या पीसीवरून काहीच लिहिता येत नाही, नोटपॅडचंही नाही. वाचता सगळं येतं.

तीन, 'काम'च्या आत तीन जुने फोल्डर आहेत. त्यात फक्त दोन जणांना लिहिता येत नाही, बाकीच्यांना येतं. ते दोघं गेल्या वर्षी लागलेले.

त्या कायम चालू पीसीवर (आम्ही त्यालाच सर्व्हर म्हणतो) बसून केलं तर तिन्ही गोष्टी व्यवस्थित चालतात.

आतापर्यंत केलेलं: अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमध्ये एव्हरीवनला फुल कंट्रोल दिला. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधली रीड-ओन्लीची खूण काढली, पण पुन्हा उघडलं की तो चौकोन परत तिथेच. सगळे पीसी रीस्टार्ट केले. सिक्युरिटी टॅबमध्ये इन्हेरिटन्स (वरच्या जागेच्या परमिशन आपोआप खाली येणं) बंद करून ऑथेंटिकेटेड युजर्स काढून टाकला आणि स्टाफला रीड आणि राइट दिलं. मॉडिफाय मुद्दाम दिलं नाही, कारण मार्चमध्ये कोणाच्या तरी हातून एका क्लायंटचा अख्खा फोल्डर उडाला होता. वाचायचं, लिहायचं, पण डिलीट नाही, एवढंच पाहिजे.

इतवारी_नेटवर्क

भाऊ, एवढं कशाला? सिक्युरिटी टॅबमध्येही एव्हरीवन टाका, फुल कंट्रोल द्या, आणि पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद करून टाका. पाच मिनिटांचं काम. दुकानांमध्ये सगळीकडे असंच चालतं.

तारजोडी

वरचा उपाय करू नका, का ते खाली लिहितो. आधी मूळ प्रश्न.

नेटवर्कवरून येणाऱ्या माणसाला दोन दारं ओलांडावी लागतात. पहिलं शेअरचं: अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधल्या परमिशन्स. दुसरं एनटीएफएसचं (विंडोजची डिस्कवर फाइली ठेवायची पद्धत): सिक्युरिटी टॅबमधल्या. दोन्हीपैकी जिथे कमी मिळतं तेवढंच हातात उरतं. सर्व्हरच्या पीसीवर बसलेल्याला पहिलं दार लागतच नाही, म्हणून 'इथे चालतं, तिथे नाही' ही तक्रार बहुतेक वेळा शेअरच्या दाराची असते. अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंगमधून नवा शेअर केला की तिथे एव्हरीवनला फक्त रीड मिळतं, आणि लोक सिक्युरिटी टॅबमध्ये तासन्‌तास डोकं घालत बसतात. तुमचं ते दार सताड उघडं आहे, तेव्हा तो विषय संपला. सर्व्हरवर चालतं ते वेगळ्या कारणानं: तिथे तुम्ही अ‍ॅडमिनच्या अकाउंटनं बसलेले असणार.

आता एक्सेल. सेव्ह म्हटलं की नोटपॅड आहे त्याच फाइलवर लिहितं. एक्सेल तसं करत नाही. ते त्याच फोल्डरमध्ये आधी एक तात्पुरती फाइल बनवतं, त्यात सगळं लिहितं, मग मूळ फाइल डिलीट करतं आणि तात्पुरत्या फाइलला मूळ नाव देतं. म्हणजे एका सेव्हमध्ये फाइल तयार करणं, जुनी डिलीट करणं आणि नाव बदलणं अशी तीन कामं होतात. आणि विंडोजच्या लेखी नाव बदलायलासुद्धा त्या फाइलवर डिलीटची परमिशन लागते. तुम्ही राइट दिलंत, डिलीट नाही दिलंत. पहिलं काम झालं, दुसऱ्यावर गाडी अडली.

खात्री करायची तर 'काम'मध्ये नजर टाका. आठ अक्षरी, अर्थहीन नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाइली पडलेल्या दिसतील. त्या अडलेल्या सेव्हच्या उरलेल्या आहेत. शिवाय 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर (२)', 'न्यू फोल्डर (३)' अशी रांगही असेल. फोल्डर तयार झाला, पण नाव बदलायला डिलीट लागतं, ते नाही, म्हणून माणसानं कंटाळून सोडून दिला. या दोन खुणा एकत्र दिसल्या की दुसरं काही शोधायची गरज नाही.

उपाय: प्रॉपर्टीज > सिक्युरिटी > एडिट > स्टाफ > मॉडिफायवर टिक. त्याच्या खालच्या रीड, राइट वगैरे टिका आपोआप लागतात. फुल कंट्रोल देऊ नका. मॉडिफायपेक्षा त्यात वेगळं काय, तर परमिशन बदलण्याचा अधिकार, फोल्डरची मालकी घेण्याचा अधिकार आणि आतल्या वस्तू त्यांच्या स्वतःच्या परमिशन काहीही असोत, डिलीट करण्याचा अधिकार. यातलं काहीही बॅलन्स शीट बनवणाऱ्याला लागत नाही.

रीड-ओन्लीच्या चौकोनाचा नाद सोडा. फोल्डरच्या बाबतीत तो चौकोन 'आतल्या फाइलींना ही खूण लावू का' एवढंच विचारत असतो. विंडोज फोल्डरवरची ती खूण स्वतःच्या सोयीसाठी वापरतं, परमिशनशी तिचा संबंध नाही. शंभरदा काढा, शंभरदा येईल. एखाद्या सुट्या फाइलवर मात्र ती खूण खरी असते. सीडीवरून किंवा कुणाच्या मेलमधून आलेल्या फाइलींवर ती लागलेली सापडते.

बर्डी_लेखा

आठ अक्षरी फाइली १४ सापडल्या. 'न्यू फोल्डर' सातपर्यंत! आम्हाला वाटलं होतं कोणीतरी आळशीपणा करून राहिलं.

मॉडिफाय दिलं, एक्सेल चालू झालं. पण मग डिलीटचं काय? आता परत कोणीही काहीही उडवू शकतो ना?

तारजोडी

हो, उडवू शकतो. ज्याला एक्सेलची फाइल सेव्ह करता येते त्याला ती डिलीटही करता येते. हे वेगळं करायचा रस्ता एनटीएफएसमध्ये नाही.

पण बहुतेक वेळा 'फोल्डर उडाला' म्हणजे तो डिलीट झालेला नसतो. माउस दाबलेला राहतो आणि एक फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन पडतो. त्यावर इलाज आहे. प्रत्येक क्लायंटच्या फोल्डरवर: प्रॉपर्टीज > सिक्युरिटी > अ‍ॅडव्हान्स्ड > अ‍ॅड. प्रिन्सिपल म्हणून स्टाफ, टाइप डिनाय, अप्लाइज टू मध्ये 'धिस फोल्डर ओन्ली'. मग शो अ‍ॅडव्हान्स्ड परमिशन्सवर क्लिक करून बाकी सगळ्या टिका काढा आणि फक्त 'डिलीट' ठेवा. तिथे 'डिलीट सबफोल्डर्स अँड फाइल्स' अशी दुसरी ओळही आहे, तिला हात लावू नका. 'धिस फोल्डर ओन्ली' निवडायचं विसरलात तर तीच मनाई आत झिरपेल आणि एक्सेल पुन्हा बंद पडेल.

यानं फोल्डरचं नाव बदलणं आणि तो ओढून दुसरीकडे जाणं थांबतं. कोणी फोल्डरवर जाऊन डिलीटच दाबलं तर आतल्या फाइली जातील आणि रिकामं टरफल उरेल, हे लक्षात ठेवा. नेटवर्कवरून डिलीट केलेलं सर्व्हरच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणून रोजचा बॅकअप पाहिजेच, आणि तो नुसता आरसा नको. रोबोकॉपी (विंडोजची कॉपी करायची कमांड) 'मिर' लावून चालवली तर मूळ ठिकाणी उडालेलं बॅकअपमधूनही उडतं. निदान आठवड्याच्या वारांप्रमाणे वेगवेगळ्या फोल्डरांत कॉपी ठेवा.

इतवारीवाले भाऊ, आता तुमचं. पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग बंद केलं की येणारा माणूस गेस्ट म्हणून आत येतो. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोमध्येही असं गेस्टनं जाणं क्लायंटच्या, म्हणजे जोडायला जाणाऱ्या पीसीच्या, बाजूनं बंद आहे, म्हणजे नवे पीसी त्या शेअरला जाणारच नाहीत. आणि जे जुने जातील त्यांच्यापैकी एकावर फाइली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तर एव्हरीवन फुल कंट्रोलच्या फोल्डरमधलं काहीच शिल्लक राहणार नाही. शेअरच्या दारावर एव्हरीवन ठेवलं तर चालतं, कारण आत दुसरं दार आहे. दोन्ही दारं उघडी टाकणं म्हणजे घर चौकात बांधण्यासारखं.

इतवारी_नेटवर्क

२४एच२ चं माहीत नव्हतं. दोन ठिकाणी नवीन लॅपटॉप शेअरला जाऊन नाही राहिले, ते यामुळेच असेल. पाहतो.

हिंगणा_आयटी

६ नंबरच्या पीसीबद्दल. 'याला परमिशन काय दिली आहे' हे नंतर पाहा. आधी 'सर्व्हर याला कोण समजतो' ते पाहा. माणूस समोर कोणीही बसलेला असो, सर्व्हरला दिसतं ते लॉगिनचं नाव.

सर्व्हरच्या पीसीवर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक > कॉम्प्युटर मॅनेजमेंट > शेअर्ड फोल्डर्स > सेशन्स. ६ नंबरवरून 'काम' उघडून ठेवा आणि इथे त्या पीसीसमोर युजरच्या रकान्यात काय नाव आलंय ते वाचा. शेवटी गेस्टचाही एक रकाना असतो, तिथे येस आहे का तेही बघा.

तिथे भलतंच नाव दिसलं तर कारण यातलं एक असेल:

कोणीतरी कधीतरी दुसऱ्याचं लॉगिन टाकून 'रिमेंबर माय क्रेडेन्शियल्स'वर टिक केलेली असते. विंडोज ते जपून ठेवतं आणि पुढे विचारतच नाही. ६ नंबरवर कंट्रोल पॅनेल > क्रेडेन्शियल मॅनेजर > विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये सर्व्हरच्या नावाची आणि आयपी पत्त्याची नोंद शोधा, दोन्ही काढा. लोक एकच काढतात.

किंवा क्लायंट पीसीवर ज्या नावानं लॉगिन आहे, त्याच नावाचं आणि त्याच पासवर्डचं अकाउंट सर्व्हरवरही आहे. मग विंडोज न विचारता त्याच नावानं आत शिरतं. प्रत्येक पीसीवर 'ऑफिस' किंवा 'यूझर' असं एकच अकाउंट असलेल्या जागी हे हमखास.

क्रेडेन्शियल काढल्यावर लगेच नवं लॉगिन टाकायला गेलात की १२१९ नंबरचा एरर येईल: एकाच सर्व्हरशी एकाच वेळी दोन नावांनी जोडता येत नाही. चालू जोडणी आधी तोडावी लागते. कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट यूज चालवून जोडण्यांची यादी बघा, मग नेट यूज, पुढे तारांकन, पुढे तिरकी रेघ डिलीट. तरी ऐकलं नाही तर साइन आउट करून परत या. घाई असेल तेव्हा सर्व्हरच्या नावाऐवजी आयपी पत्ता टाकून उघडतात. विंडोज त्याला वेगळा सर्व्हर समजतं, नवं लॉगिन घेतं. तपासणीपुरतं ठीक, कायमचं ठेवू नका, नाहीतर सहा महिन्यांनी कोणत्या पीसीवर काय केलं तेच आठवत नाही.

लॉगिन टाकताना नावाआधी सर्व्हर पीसीचं नाव आणि उलटी तिरकी रेघ द्या. नुसतं नाव दिलं तर काही पीसी स्वतःचंच नाव पुढे चिकटवतात. पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. रिकामा पासवर्ड असलेल्या लोकल अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत घेतच नाही.

'मी अ‍ॅडमिन आहे, तरी लिहिता येत नाही' हेही सारखं ऐकू येतं. वर्कग्रुपमध्ये लोकल अ‍ॅडमिन नेटवर्कवरून आला की विंडोज त्याचे अ‍ॅडमिनचे अधिकार बाजूला काढून ठेवतं. अपवाद फक्त विंडोजसोबत येणाऱ्या मूळ अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटचा. त्यामुळे सिक्युरिटी टॅबमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्सना फुल कंट्रोल दिसतोय म्हणून तो माणूस लिहू शकेल असं धरू नका. त्यालाही स्टाफमध्ये टाका. रजिस्ट्रीत ती अट काढायचा एक रस्ता फिरत असतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. एका फोल्डरसाठी सगळ्या पीसीचं कुलूप काढल्यासारखं आहे ते.

बर्डी_लेखा

सेशन्समध्ये ६ नंबरसमोर 'स्कॅनर' असं नाव आहे! ते अकाउंट झेरॉक्सवाल्या मोठ्या मशीनसाठी केलं होतं, 'स्कॅन' नावाच्या वेगळ्या शेअरमध्ये पीडीएफ टाकायला. स्टाफमध्ये नाही ते.

मग वाचता कसं येत होतं?

हिंगणा_आयटी

इन्हेरिटन्स बंद करताना 'कन्व्हर्ट'वालं बटण दाबलं असणार. म्हणजे वरून आलेल्या परमिशन जशाच्या तशा उतरवून घेतल्या गेल्या. तुम्ही ऑथेंटिकेटेड युजर्स काढला, पण 'युजर्स' ग्रुप तसाच राहिला, आणि त्याला रीड अँड एक्झिक्यूट असतं. सर्व्हरवरचं प्रत्येक साधं लोकल अकाउंट आपोआप युजर्समध्ये असतं, स्कॅनरसुद्धा. बहुतेक कोणीतरी ६ नंबरवरून 'स्कॅन' शेअर उघडायला गेलं, लॉगिन विचारलं, मशीनवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचं टाकलं आणि लक्षात ठेव म्हटलं.

क्रेडेन्शियल काढाच, सोबत 'काम'वरून युजर्स ग्रुपही काढा. क्लायंटचे पॅन आणि बँक स्टेटमेंट स्कॅनरच्या पासवर्डनं वाचता यायला नकोत. राहू द्यायचे ते तीनच: सिस्टिम, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स, स्टाफ.

तारजोडी

तीन जुन्या फोल्डरांचं आता सांगता येईल. ते आधी डी ड्राइव्हवरच दुसरीकडे कुठे होते का? आणि 'काम'मध्ये कट-पेस्ट करून आणले का?

तसं असेल तर खुलासा सोपा आहे. फाइल किंवा फोल्डर कॉपी केला की तो नव्या जागेच्या परमिशन घेतो. एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर मूव्ह केला तरी घेतो, कारण ती खरं म्हणजे कॉपीच असते. पण त्याच ड्राइव्हवर मूव्ह केला तर तो जुन्या परमिशन अंगावर घेऊनच येतो. तिथे फक्त पत्ता बदलतो, आतलं काही हलत नाही. जुन्या जागी तेव्हाच्या माणसांची एकेकट्याची नावं घालून परमिशन दिली असेल, तर नंतर लागलेले दोघं त्यात नसणारच.

त्या फोल्डरच्या सिक्युरिटी > अ‍ॅडव्हान्स्डमध्ये 'इन्हेरिटेड फ्रॉम' हा रकाना वाचा. तिथे 'नन' असेल, तर हेच. एखाद्या ओळीत नावाऐवजी एस-१-५-२१ नं सुरू होणारी लांबलचक संख्या दिसली, तर ते डिलीट झालेल्या अकाउंटचं भूत. खुशाल काढा.

दुरुस्तीच्या आधी सध्याच्या परमिशन लिहून ठेवा. अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये आयकॅकल्स कमांड सेव्ह आणि टी या स्विचांसकट चालवली की सगळी यादी एका फाइलमध्ये उतरते. काही बिघडलं तर रिस्टोअरनं परत आणता येते. दोन मिनिटं लागतात, लोक तेवढीच वाचवतात.

मग 'काम'वर: सिक्युरिटी > अ‍ॅडव्हान्स्ड > सगळ्यात खालची टिक, 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एन्ट्रीज' > अप्लाय. यानं आतल्या प्रत्येक वस्तूवर वरच्याच परमिशन बसतात. मी वर सांगितलेल्या डिनायच्या नोंदी आधीच केल्या असतील तर त्याही पुसल्या जातील, तेव्हा क्रम उलटा करू नका: आधी हे, मग डिनाय. काम चालू असताना कॅन्सल दाबू नका, अर्धं झाड नव्या परमिशनचं आणि अर्धं जुन्या परमिशनचं होऊन बसतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर करा.

मध्येच 'अ‍ॅक्सेस इज डिनाइड' आलं तर त्या वस्तूची मालकी दुसऱ्याकडे आहे. त्याच खिडकीत वर ओनरच्या पुढे चेंज, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स टाका, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'वर टिक, ओके, खिडकी बंद करून पुन्हा उघडा, मग परत वरची टिक.

हेच काम आयकॅकल्सच्या रिसेटनं करणार असाल तर एक खड्डा आहे. रिसेट थेट 'काम'वर चालवलं तर 'काम'वर हातानं दिलेली स्टाफची नोंदही जाते. पत्त्याच्या शेवटी तारांकन देऊन फक्त आतल्या वस्तूंवर चालवायचं.

बर्डी_लेखा

बरोबर, तिन्ही फोल्डर डी वरच 'जुनं ऑफिस'मध्ये होते. नन लिहिलेलं आहे आणि एस-१-५-२१ वाल्या दोन ओळी आहेत.

एक विचारायचं राहिलं. एका नव्या मुलीला आत्ता स्टाफमध्ये टाकलं, तरी तिला लिहिता येत नाही. दहा मिनिटं झाली.

हिंगणा_आयटी

नुसतं थांबून होईलच असं नाही. कोण कोणत्या ग्रुपमध्ये आहे ही यादी सर्व्हर जोडणी होतानाच बनवतो आणि जोडणी आहे तोवर तीच वापरतो. मघाच्या सेशन्समध्ये जाऊन तिच्या ओळीवर राइट क्लिक > क्लोज सेशन. तिची एखादी फाइल उघडी असेल तर आधी बंद करायला सांगा, नाहीतर न सेव्ह केलेलं जाईल. पुढच्या क्लिकला तिचा पीसी आपोआप परत जोडला जाईल, नव्या यादीसकट.

जिथे डोमेन आहे तिथे क्लायंटवर साइन आउट करून परत यावं लागतं, तिथे तिकीट (लॉगिनचा पुरावा) क्लायंटकडे साठवलेलं असतं.

गोरेवाडा_लिनक्स

विषय विंडोजचा आहे, पण हा धागा शोधत येणाऱ्यांपैकी निम्म्यांकडे नॅस (नेटवर्कला जोडलेली डिस्कची पेटी) नाहीतर उबुंटूचा (लिनक्सचा) डबा असतो, म्हणून लिहून ठेवतो.

सांबामध्येही (लिनक्सवरून विंडोजला फोल्डर शेअर करणारं सॉफ्टवेअर) दारं दोनच: सांबाची कॉन्फिग फाइल आणि खालची लिनक्सची परमिशन. शेअरच्या भागात 'रीड ओन्ली' नो पाहिजे. काहीच लिहिलं नाही तर ते येस धरलं जातं. टेस्टपार्म (ही कॉन्फिग तपासणारी कमांड) चालवून खरंच काय वाचलं जातंय ते पाहा, स्पेलिंग चुकलेली ओळ सांबा मुकाट्यानं सोडून देतो.

पण सगळ्यात जास्त छळणारी तक्रार वेगळी: 'मी बनवलेली फाइल मला उघडते, शेजारच्याला रीड-ओन्ली.' कारण क्रिएट मास्कचं (नव्या फाइलीला कोणते अधिकार राहतील ते ठरवणारी ओळ) मूळ मूल्य ०७४४ आणि डिरेक्टरी मास्कचं (तेच, फोल्डरसाठी) ०७५५. दोन्हीत ग्रुपला लिहिण्याचा अधिकार नाही. ज्यानं फाइल बनवली तो सोडून कोणीच लिहू शकत नाही. उपाय: क्रिएट मास्क ०६६४, डिरेक्टरी मास्क २७७५, फोर्स ग्रुपमध्ये स्टाफ. मास्कनं फक्त काढून घेता येतं, म्हणून त्यासोबत फोर्स क्रिएट मोड ०६६४ आणि फोर्स डिरेक्टरी मोड २७७५ पण द्या. आधीच्या फाइलींना हे लागू होत नाही, त्यांचा ग्रुप आणि परमिशन एकदा हातानं सरळ करावी लागते. २७७५ मधला २ महत्त्वाचा: त्यामुळे आत बनणारं सगळं त्याच ग्रुपचं होतं.

डिलीटचा हिशेब इथे विंडोजपेक्षा वेगळा. लिनक्समध्ये फाइल डिलीट करता येते की नाही हे फाइलवर नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्यावर लिहिता येतं का यावर ठरतं. म्हणून 'लिहिता येत नाही पण डिलीट होते' असा चमत्कार दिसतो.

यूएसबी डिस्क लावली असेल आणि ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट असेल, तर चमॉड (लिनक्सची परमिशन बदलायची कमांड) करून उपयोग नाही. मालक आणि परमिशन माउंट करतानाच, म्हणजे डिस्क सिस्टिमला जोडतानाच ठरतात. आणि एनटीएफएस डिस्क विंडोजमधून 'सेफली रिमूव्ह' न करता उपटून आणली असेल तर लिनक्स ती पुष्कळदा फक्त वाचण्यापुरतीच माउंट करतो. विंडोजमध्ये परत लावा, चेकडिस्क करा, नीट काढा.

मे महिन्यातलं खास. दुपारी लाइट जाते, यूपीएसची बॅटरी मेलेली असते, डबा धाडकन बंद. चालू झाल्यावर किंवा दोन दिवसांनी ईएक्सटी४ ला (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) डिस्कवर चूक सापडली की तो पुष्कळदा अख्खी डिस्क रीड-ओन्ली करून टाकतो. काल लिहिता येत होतं, आज कोणालाच येत नाही, परमिशन कोणी बदललेली नाही, असं असेल तर परमिशनला हात लावायच्या आधी माउंट कमांडमध्ये त्या डिस्कपुढे आरओ (रीड-ओन्ली) आलंय का बघा. आलं असेल तर डिस्क अनमाउंट करून एफएससीके (डिस्कवरच्या चुका तपासणारी कमांड), आणि स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, रिपोर्ट. डिस्क जायच्या मार्गावर असेल तर आधी बॅकअप घ्या, दुरुस्ती नंतर.

बर्डी_लेखा

काल संध्याकाळी सात ते आठ केलं सगळं. मालकी दोन फोल्डरांची बदलावी लागली, तिसरा सरळ झाला. ६ नंबरवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये खरंच दोन नोंदी होत्या, एक नावाची, एक आयपीची. दोन्ही काढल्या. नवीन मुलीचं सेशन बंद केलं, लगेच झालं. क्लायंटच्या ४० फोल्डरांवर डिनाय लावणं बाकी आहे, हातानंच करावं लागेल असं दिसतं.

स्कॅनरचा पासवर्ड बदलला, तर आता झेरॉक्स मशीन स्कॅन पाठवत नाही.

हिंगणा_आयटी

मशीनच्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला आहे. ब्राउझरमध्ये मशीनचा आयपी टाकून उघडा, 'स्कॅन'च्या प्रत्येक नोंदीत नवा पासवर्ड भरा. प्रत्येक माणसासाठी वेगळी नोंद असेल तर सगळ्यांत. पासवर्डमध्ये अ‍ॅट किंवा डॉलरसारखी चिन्हं टाकू नका, जुन्या मशिनींच्या पॅनेलवर ती नीट उमटत नाहीत. चिन्हांऐवजी लांबी वाढवा.

तरीही नाही गेलं तर मशीन फक्त एसएमबी १ (विंडोजच्या फाइल शेअरिंगची जुनी भाषा) बोलणारं असू शकतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ते मुळात बसवलेलंच नसतं, आणि २०१७ चा वॉनाक्राय व्हायरस त्याच भोकातून पसरला होता, तेव्हा एका स्कॅनरसाठी ते चालू करू नका. मशीनचं फर्मवेअर अपडेट मिळतं का विचारा. नाहीच मिळालं तर स्कॅन मेलवर किंवा एफटीपीनं घ्या.

आणि ती चिठ्ठी काढा मशीनवरची.

बर्डी_लेखा

काढली. खाली अजून एक होती, वायफायची.